मेन रोल

“अवं! अवं, ऐकताय का?”

सरुबाईने चुलीजवळची फुंकणी हौशीरामच्या खांद्यात ढोसली, तेव्हा कुठे त्याची पापणी हलली. ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत तो मान मागे टाकून, समोरच्या डोंगराकडे डोळे लावून बसला होता.

“घातलास घोळ!” तो वैतागून डोळे चोळू लागला. “एवढा येळ धरलं हुतं. मोडलंस.”

“काय धरलं हुतं?”

“डोळं. पापनी न पाडता बसायचा सराव चाललाय.”

“कशापायी?”

“शिनेमापायी.”

सरुबाई मटकन उंबऱ्यावर बसली. तिच्या छातीचा भाता वरखाली होत होता. तीन वर्षांपूर्वी याच ओट्यावर हौशीरामच्या छातीत कळ आली होती आणि पुतण्याच्या टेम्पोत घालून त्याला तळेगावला नेले होते. डॉक्टरांनी शीर मोकळी केली, माणूस घरी आला, जेवू-हसू लागला; पण सरुबाई काही पूर्वीची राहिली नाही. नवरा जरा जास्त वेळ गप्प बसला की ती मुद्दाम एखादे भांडे खाली टाकायची. तो दचकून बघायचा. मग ती भांडे उचलून कामाला लागायची. या घरात तीन वर्षांत भांड्यांना इतके पोचे आले होते की सून कोमल म्हणायची, “नवीन घ्यायची तरी कशाला?”

हौशीरामला हे सगळे कळत होते. सराव गोठ्यामागे करायला हवा होता, हेही कळत होते. पण सदुसष्टाव्या वर्षी माणसाला सिनेमात काम मिळावे आणि त्याने गोठ्यामागे तोंड लपवावे?

त्याचा जन्म गेला आंबीच्या एका कंपनीत खोकी बांधण्यात. आंदर मावळातल्या आपल्या वाडीतून सकाळची एसटी गाठायची, ती चुकली तर टाकव्यापर्यंत पायपीट करायची, दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी लावायची आणि संध्याकाळी परत. खोक्यात काय असते हे त्याने फारसे कधी पाहिले नाही. ती त्याच्याकडे बंद होऊनच यायची. जत्रेतल्या नाटकातही त्याचे नशीब असेच. गावाने नाटक बसवले की राजा ठरलेला, महिपती. आणि हौशीराम दरवर्षी भालदार. दरबार भरला की भाला धरून एका बाजूला उभे राहायचे आणि दरबार उठला की आत जायचे. बोलायचे काही नाही. पुढे नाटके बंद पडली, जत्रेत ऑर्केस्ट्रा आला आणि हौशीरामची हौस तिथेच मिटली.

ती परत पेटली ती पुतण्याच्या खुर्च्यांमुळे. प्रदीपचा मांडव-डेकोरेशनचा धंदा होता. लोणावळ्याला तुंगार्लीच्या वर एका बंगल्यात सिनेमाचे शूटिंग होते आणि त्यांनी शंभर खुर्च्या मागवल्या होत्या. “नाना, चला संगं. खुर्च्यांवर लक्ष ठेवायला घरचं मानूस पायजे,” असे म्हणून प्रदीप त्याला घेऊन गेला. बंगल्याच्या मागे निळेशार पाणी भरलेला पोहायचा तलाव, त्याच्या काठाला हौशीराम एका खुर्चीत बसला आणि बाकीच्या खुर्च्यांकडे लक्ष ठेवू लागला. बसला तो बसलाच.

बऱ्याच वेळाने एक बाई धावत आली. जेमतेम तिशीची, पायात बूट, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. “काका! काका, बरे आहात ना?”

“व्हय की. का?”

“तुम्ही मघापासून हललाच नाहीत. आम्हाला वाटलं...”

“हलायचं काय कामच न्हवतं तर कशाला हलू?”

ती इतक्या मोठ्याने हसली की चार माणसे गोळा झाली. तिचे नाव प्रेरणा. सिनेमा तिचा होता. तिने कॅमेरावाल्याला हाक मारली, दोघे हौशीरामभोवती फिरले, आपापसात काही बोलले. मग ती दुसरी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि तिने त्याला गोष्ट सांगितली.

शहरातली पोरे वाढदिवसाला बंगला भाड्याने घेतात. दारू, गाणी, नाच, पाण्यात उड्या, सगळा धिंगाणा. बंगला सांभाळणारा म्हातारा दिवसभर त्यांच्या पुढेपुढे करून संध्याकाळी तलावाकाठी खुर्चीत टेकतो आणि तिथेच मरतो. कुणाच्या लक्षातच येत नाही. पोरे त्याच्याभोवती नाचतात, त्याच्या डोक्यावर वाढदिवसाची टोपी घालतात, डोळ्यांना गॉगल लावतात, हातात ग्लास देतात, त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात. “हा काका एकदम कूल आहे,” म्हणतात. दुसऱ्या दिवशी अकराला बंगला सोडायचा असतो. ती सोडतात आणि निघून जातात. सिनेमाचे नावच होते ‘चेक-आउट अकरा वाजता’.

हौशीराम खुर्चीत पुढे सरकला. “म्हंजी मला मड्याचं काम?”

प्रेरणाचा चेहरा उतरला. “काका, वाईट वाटत असेल तर राहू द्या. मी दुसरं कुणी बघते. पण खरं सांगू का, लोक त्या पोरांना हसतील, आणि हसता हसता त्यांचं हसू घशात अडकलं पाहिजे. ते सगळं त्या खुर्चीतल्या माणसावर आहे. त्याच्याशिवाय सिनेमाच नाही.”

“म्हंजी समद्या शिनेमात मी दिसनार?”

“जवळजवळ प्रत्येक सीनमध्ये.”

“मंग मेन रोल माजाच की!”

“तुमचाच.”

“मंग करतो की!” हौशीराम म्हणाला आणि खुर्चीतून असा उठला की प्रेरणाने मागे सरून त्याला जागा दिली.

परतताना टेम्पोत त्याने प्रदीपला बजावले. “नानाचा मेन रोल हाय, एवढंच सांगायचं. मड्याचं नाव काडायचं न्हाई. तुज्या काकीच्या कानावर गेलं तर मला उंबऱ्याभायेर पाय टाकू देनार न्हाई ती.”

“पन नाना, कदी तरी कळलंच की.”

“तवाचं तवा बगू.”

प्रदीपने शब्द पाळला, जरा जास्तच पाळला. दुसऱ्या दिवशी पारावर बातमी होती की हौशीरामनाना सिनेमाचा हिरो आहे. महिपतीआबा काठी टेकत मुद्दाम घरी आला. जन्मभर राजा झालेला माणूस. ओट्यावर बसला तोही सिंहासनावर बसल्यासारखा.

“हौश्या, डायलॉक किती हायती?”

“डायलॉक न्हाईत, आबा. नजरंचं काम हाय.”

“नजरंचं?” महिपतीने काठीवर हनुवटी टेकवली. बराच विचार केला. “आवघड असतंय ते,” तो शेवटी म्हणाला आणि चहा न घेताच गेला.

शूटिंगचे ते आठ-दहा दिवस हौशीराम जमिनीवर चाललाच नाही. सिनेमातली रात्र, पण शूटिंग दिवसा. तलावावर काळ्या कापडाचा मांडव घालून, रंगीत दिवे लावून भर दुपारी रात्र केलेली. कानठळ्या बसवणारे गाणे लागायचे, पोरे-पोरी पाण्यातून ओलेत्याने निघून नाचायची. पहिल्या दिवशी त्याला कुठे बघावे तेच कळेना. मग कळले की बघायचे नाहीच, नजर एका जागी ठेवायची, आणि वर काळा गॉगल. ते बरे झाले. एक पोरगा त्याच्या डोक्यावर बिअर ओतायचा. ती बिअर म्हणजे सफरचंदाचा रस. कॅमेरा थांबला की तोच पोरगा कान पकडायचा, “काका, सॉरी हां, प्लीज.” अमृता नावाची नटी होती, सिनेमात सगळ्यांत बेताल तीच. प्रत्येक वेळी स्वतःच्या टॉवेलने त्याचे तोंड पुसायला मात्र तीच धावायची. “काका, डोळ्यांत तर नाही ना गेलं?” हौशीरामला वाटे, ही पोरे इतकी गुणाची, आणि कामे कसली करतात! मग वाटे, आपण तरी काय, चांगले जिवंत आहोत.

शेवटचा सीन त्याच्या एकट्याचा. सकाळ झाली आहे, गाड्या निघाल्या आहेत. अमृता धावत परत येते. म्हाताऱ्याला काही झालेय का बघायला नव्हे, तर आपला गॉगल राहिला म्हणून. ती त्याच्या डोळ्यांवरचा गॉगल काढते, आपल्या केसांत खोचते आणि जाते. मागे राहतात त्याचे उघडे डोळे.

प्रेरणाने “ॲक्शन” म्हटले. गॉगल निघाला. ऊन सरळ डोळ्यांत आले. हौशीरामने नजर समोरच्या डोंगराच्या कडेला टाकली आणि तिथेच ठेवली. एक माशी आली, गालावर चालली, डोळ्याच्या कोपऱ्यापाशी थांबली. त्याला ओट्यावरचे सगळे सकाळचे सराव आठवले, महिपती आठवला, आणि मग काहीच आठवेना. प्रेरणा “कट” म्हणेना. माशी उडाली. मग कधीतरी “कट” ऐकू आले आणि पाठोपाठ टाळ्या. दिवेवाले, जेवण वाढणारे, ती सगळी पोरे-पोरी, सगळे टाळ्या वाजवत होते. प्रेरणा डोळे पुसत होती. खोकी बांधताना त्याला कुणी कधी टाळी दिली नव्हती. हौशीराम लाजून उठला आणि कुठे जावे ते न कळून परत त्याच खुर्चीत बसला.

घरी येऊन हे सांगायचे तर कसे सांगायचे? “लय टाळ्या पडल्या,” एवढेच तो सरुबाईला म्हणाला.

“कशाला?”

“बघशीलच.”

काही महिन्यांनी कोमलच्या मोबाइलवर सिनेमाची झलक आली आणि घरात आग लागली. दोन मिनिटांत बाटल्या, धूर, पाण्यातल्या पोरी आणि कुणी तरी कुणाच्या अंगावर केक फेकतेय. कोमलने मोबाइल पालथा घातला, पण सरुबाईने तो सुलटा केला.

“ह्यात? ह्यात तुमी?”

“मी त्यातला न्हाई गं. मी बाजूला बसलेला हाय.”

“पोरी नागव्या नाचत्यात आन तुमी बाजूला बसून बगताय?”

“बगत न्हाई!” हौशीराम कळवळून म्हणाला. “इच्यार पायजे तर प्रदीपला. मी कायबी बगत न्हाई!”

तिकडे लोणावळ्यात बंगलेवाले चिडले. आमच्या धंद्याची बदनामी झाली, सिनेमा बंद पाडू, अशी भाषा झाली. कुणी म्हणाले, तरुण पोरांना बदनाम केले. कुणी म्हणाले, पोरांना असले चाळे शिकवले. मोबाइलवर भांडणे जुंपली. इतके झाल्यावर वाडीचा उत्साह दुप्पट झाला. बंद पडायच्या आत बघून घेऊ, असे ठरले. सिनेमा लागल्यावर पहिल्याच रविवारी, दुपारच्या खेळाला, प्रदीपचा टेम्पो सांगितला. त्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या टेम्पोत ओळीने मांडल्या आणि सगळी वाडी त्यांवर बसली. महिपतीआबा पुढे ड्रायव्हरशेजारी. सरुबाईने पेटीतले जरीकाठी लुगडे काढले होते. रागावलेली होतीच, पण नाकात नथ घातली होती, आणि शेजारणीने “हिरोची बायकू” म्हटले तेव्हा तोंड फिरवून हसली होती, हे हौशीरामने पाहिले होते.

टाकवे मागे पडले तसा तो सरुबाईकडे सरकला. “सरू, तुला एक सांगायचं हुतं.”

“काय?”

टेम्पोने खड्डा घेतला. बायका किंचाळल्या, हसल्या. “शिनेमात म्हंजी... समदं खोटं असतंय बग.”

“म्हाईत हाय.”

“माझं कामबी तसंच...”

“मला आज कायबी सांगू नगा,” सरुबाई म्हणाली. “जलमभर भाला धरून हुबं ऱ्हायलेलं बघितलं. आज काय केलंय ते माज्या डोळ्यानं बघनार हाय.”



सोमाटण्याच्या बाजूला नवा मॉल झाला होता, त्याच्या वरच्या मजल्यावर थिएटर. थंडगार हवेत वाडीच्या बायकांनी पदर अंगाभोवती घट्ट लपेटले. मागच्या रांगा कॉलेजच्या पोरापोरींनी भरलेल्या. दिवे गेले. पडद्यावर बंगल्याचे फाटक उघडले, आणि फाटक उघडणारा हौशीराम, भिंतीएवढा!

“नानाऽऽ!” प्रदीपने शिट्टी घातली. टाळ्यांचा पाऊस पडला. महिपतीआबा उठून उभाच राहिला. मागच्या पोरांनी “बसा, आजोबा” म्हणून त्याला खाली बसवले. हौशीरामचे कान तापले. तो तिथे बॅगा उचलत होता, टॉवेल वाटत होता, पोरांनी सांडलेले पुसत होता. आपण असे चालतो? आपली पाठ अशी दिसते? त्याला हसू आवरेना. त्याने सरुबाईकडे पाहिले. नथीवर पडद्याचा उजेड हलत होता. ती तोंड उघडे ठेवून बघत होती.

मग पडद्यावरचा म्हातारा तलावाकाठी खुर्चीत टेकला. एक हात छातीवर गेला. मान हळूच मागे पडली. बस्स, एवढेच, गाणे चालूच राहिले. हॉलमध्ये कुणाला काही कळलेही नाही.

सरुबाईला कळले. तिचा हात अंधारात चाचपडत आला आणि तिने हौशीरामचे मनगट धरले, मुठीत आवळून, अंगठा आत, जिथे नाडी लागते तिथे.

“अगं, मी हितं हाय,” तो कुजबुजला.

तिने त्याच्याकडे पाहिले नाही. ती पडद्यावर बघत होती.

पोरांनी म्हाताऱ्याला टोपी घातली, हॉल हसला. गॉगल लावला, हॉल लोळायला लागला. वाडीही हसत होती, सगळ्यांत मोठ्याने महिपती. गळ्यात हात टाकून फोटो, डोक्यावर बिअर. मागची पोरे शिट्ट्या मारत होती. “आजोबा रॉक्स!” कुणी तरी ओरडले. मग कुठे तरी मध्येच हसणे पातळ होऊ लागले. आधी बायका थांबल्या. मग वाडी थांबली. मागे एक-दोघे अजून खिदळत होते, तेही हळूहळू गप्प झाले. एवढा वेळ त्या मुठीतली पकड सैल झाली नाही. हौशीरामची बोटे बधिर झाली, पण त्याने हात सोडवला नाही.

सकाळ झाली. गाड्या निघाल्या. अमृता धावत परत आली, गॉगल काढला, केसांत खोचला, गेली. पडदाभर हौशीरामचे डोळे. माशी गालावर चालली. हॉलमध्ये एवढी शांतता की थंड हवेच्या यंत्राची घरघर ऐकू यावी.

“डोळं तरी मिटा की रं कुनी त्येचं!”

सरुबाई उभी राहिली होती. तिचा आवाज त्या मोठ्या हॉलभर गेला. मागे कुणी तरी फिस्सकन हसले आणि लगेच थांबले. पडद्यावरचे डोळे उघडेच होते. मग काळोख झाला आणि नावे सुरू झाली.

सरुबाई मनगट सोडून रांगेतून वाट काढत दाराकडे निघाली.

प्रेरणाने फोनवर सांगितले होते, “काका, उठून जाऊ नका हां. सगळ्यांची नावं झाल्यावर शेवटी तुमचं येईल. एकट्याचं, मोठ्या अक्षरात.” हौशीरामने पडद्याकडे पाहिले. अजून पोरांची नावे चालली होती. दार उघडल्याचा उजेड पडला आणि त्यात लुगड्याचा काठ दिसेनासा झाला. तो उठला, लोकांच्या गुडघ्यांना चुकवत, पडद्याकडे पाठ करून तिच्यामागे निघाला.

बाहेर लख्ख दिवे, टोकाला मोठी काच. सरुबाई भिंतीला टेकून उभी होती. हौशीराम तिच्यापुढे जाऊन थांबला.

“सरू, खोटं काम असतंय गं ते.”

“कळतंय मला. येडी न्हाई मी.”

“मंग?”

“आदी का न्हाई सांगितलं?”

“तू करू दिलं नसतंस.”

“नसतंच करू दिलं.” तिने पदराने नाक पुसले, नथ सारखी केली. खालच्या मजल्यावर कुठे तरी लहान मुलांचे खेळण्यातले इंजिन शिट्टी देत होते.

हौशीरामला राहवेना. “काम... कसं झालं?”

सरुबाईने त्याच्याकडे रोखून पाहिले. “लय वंगाळ.”

त्याचे तोंड पडले.

“खरं झालं,” ती म्हणाली. “लय खरं झालं. म्हनून वंगाळ.”

हसावे की नाही ते हौशीरामला कळेना. शेजारीच एक बाकडे होते. तो त्यावर टेकणार तोच सरुबाई ओरडली, “बसू नगा!”

“का गं?”

“बसू नगा म्हन्ते ना. चाला.”

“कुटं?”

“हितंच. माज्याम्होरनं. त्या काचंपतूर जावा आन माघारी या.”

तो निघाला. मागे दाराआडून एकदम कल्लोळ झाला. प्रदीपची शिट्टी, महिपतीआबाचा फाटका आवाज, “हौश्याऽऽ, तुजं नाव, हौश्याऽऽ!” आणि टाळ्या, मागच्या रांगांपर्यंतच्या टाळ्या. हौशीराम जागीच थांबला.

“तुमचं नाव आलं वाटतं,” सरुबाई म्हणाली. “बगून या जावा.”

त्याने दाराकडे पाहिले. मग तिच्याकडे पाहिले आणि पुढे पाऊल टाकले.

हॉलमधून पोरेपोरी बाहेर येऊ लागली. एकीने त्याला ओळखले, हातातल्या मक्याच्या लाह्या तशाच धरून ती थांबली. तिच्यामागे सगळी थांबली. त्यांनी बाजूला सरून वाट दिली. हौशीराम त्यांच्यामधून ताठ चालत गेला, काचेपाशी पोचला, वळला आणि परत आला.

सरुबाईने त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

“अजून एकदा,” ती म्हणाली.